लॅपटॉपच्या चांगल्या स्क्रीनसाठी जास्तीचे पैसे द्यावेत का? माझं मत: द्यावेत, पण कुठवर ते बघून

अ‍ॅडमिशनचा सीझन आलाय त्यामुळे घरातल्या आणि ओळखीतल्या पोरांचे मेसेज सुरू झालेत, आणि यंदा भाचीने जो प्रश्न विचारला तो मला फार महत्त्वाचा वाटला म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ती म्हणाली, मावशी, लॅपटॉप तोच आहे, कंपनी तीच, प्रोसेसर तोच, पण एकाची स्क्रीन साधी आणि दुसऱ्याची चांगली, आणि दुकानदार चांगलीचे आठ हजार जास्त सांगतोय, बाबा म्हणतात की स्क्रीनमध्ये काय एवढं असतं, तेवढ्या पैशात वरचा प्रोसेसर घे. मी तिला सांगितलं की बाबांना सांग, प्रोसेसर आहे तोच राहू दे आणि ते आठ हजार स्क्रीनला घाल. असं का म्हणते ते आता सांगते.

मी मुद्रितशोधनाचं काम करते, दिवसभर मराठी प्रुफं वाचते, आणि आता कागदी प्रुफं जवळपास बंदच झालीत, सगळं पीडीएफवर येतं. आणि मराठी वाचणाऱ्याला स्क्रीन इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा जास्त चांगली लागते हे माझं ठाम मत आहे. कारण बघा ना, आपल्या अक्षराला वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षर. विंडोजमध्ये शंभर टक्के स्केलिंगला, म्हणजे अक्षरं मोठी न करता, ११ पॉइंटचा मजकूर उघडला तर अक्षराच्या उंचीला साधारण १५ पिक्सेल (स्क्रीनवरचे ठिपके) मिळतात, त्यातले वरचे आणि खालचे वजा केले तर मूळ अक्षराला सात-आठ पिक्सेल उरतात. एवढ्याशा जागेत ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगळे दिसायला हवेत, ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसायला हवेत, उकार ऱ्हस्व आहे की दीर्घ ते कळायला हवं! इंग्रजी अक्षरांना एवढं कोंबावं लागत नाही. म्हणून मग आपण झूम करतो, झूम केलं की पान स्क्रीनच्या बाहेर जातं, मग डावी-उजवीकडे सरकवत बसायचं, आणि संध्याकाळपर्यंत डोकं चढतं आणि आपण म्हणतो की वय झालं, नंबर वाढला असेल.

आणि हे फक्त माझ्यासारख्यांचं नाहीये. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागात एमपीएससी करणारी जी हजारो मुलं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक कॉट भाड्याने घेऊन राहतात, अभ्यासिकेत दिवस दिवस बसतात, त्यातली कितीतरी आता लॅपटॉपवरच पीडीएफ वाचतात, तीही स्कॅन केलेली, तिरकी, पुसट. अप्पा बळवंत चौकाच्या आजूबाजूला डीटीपीवाले आहेत, घरून भाषांतर करणाऱ्या बायका आहेत. श्रीलिपी आणि सी-डॅकची मराठी सॉफ्टवेअर याच गावात घडली, मराठी टाइपिंग आणि छपाईचं एवढं काम पुण्यात चालतं, आणि ते करणारी माणसं लॅपटॉप घेताना स्क्रीन सोडून बाकी सगळं विचारतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता थोडं आकड्यांकडे. स्क्रीन किती दाट आहे म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसवलेत. जुन्या स्वस्त १५.६ इंची लॅपटॉपवर १३६६ बाय ७६८ यायचं, म्हणजे इंचाला १०० पिक्सेल. त्याच आकारात फुल एचडी (१९२० बाय १०८०) घेतली की १४१ होतात. आणि १४ इंची लॅपटॉपला १९२० बाय १२०० असेल तर जवळपास १६२. निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाएवढा तपशील वेगळा दिसतो, आणि लॅपटॉप आपण साधारण हातभर अंतरावर, समजा ५० सेंटीमीटरवर ठेवतो, तर हिशोब केला की इंचाला १७५ पिक्सेलच्या आसपास ती मर्यादा येते. त्याच्या पुढे फायदा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, २८८० बाय १८०० वाली स्क्रीन (१४ इंचात ती २४३ होते) शेजारी ठेवली तर अक्षराची कड जास्त गुळगुळीत दिसते हे खरंय, पण १०० वरून १६० ला जाताना जो फरक पडतो त्याच्यापुढे हा काहीच नाही. त्यामुळे माझी मर्यादा मी इथे ठरवलीये, १४ इंचात १९२० बाय १२०० पर्यंतचे पैसे बिनधास्त द्या, त्याच्यावरच्या रेझोल्यूशनला फक्त परवडत असेल तरच. फोरके (३८४० बाय २१६०) तर १४ इंचात अजिबात नको, बॅटरी खाते ती वेगळीच.

आणि हो, १०८० च्या जागी १२०० म्हणजे उभ्यात ११ टक्के जास्त जागा. ऐकायला कमी वाटतं पण पीडीएफ वाचताना, एक्सेलमध्ये, कोडिंग करताना पानाच्या तीन-चार ओळी जास्त दिसतात आणि स्क्रोल करणं कमी होतं. सिनेमा बघायला वर-खाली काळ्या पट्ट्या जरा जाड येतात, बघणाऱ्यांनी बघावं, मला त्याने काही फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट ब्राइटनेस, आणि ही मला रेझोल्यूशनइतकीच महत्त्वाची वाटते. स्वस्त लॅपटॉपला २२० ते २५० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) असतात. रात्री खोलीत ट्यूबलाइटखाली चालून जातात. पण आपल्याकडे माणसं सकाळी गॅलरीत बसतात, खिडकीशी टेबल असतं, मार्च ते मे तर पुण्यात असा लख्ख उजेड असतो की २५० निट्सच्या स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो, मजकूर नाही. किमान ३०० बघा, ४०० मिळाली तर सोन्याहून पिवळं. अ‍ॅपलच्या एम२ आणि त्यानंतरच्या चिपच्या मॅकबुक एअरला ५०० देतात, तिची स्क्रीन लोकांना एवढी आवडते त्याचं हे एक मोठं कारण आहे. आणि स्क्रीन मॅट घ्या, चकचकीत नको, विशेषतः ज्यांच्या पाठीमागे खिडकी असते त्यांनी.

रंगांचं थोडक्यात सांगते कारण सगळ्यांना त्याची गरज नसते. स्पेसिफिकेशनमध्ये ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असेल तर ती स्क्रीन फिकी असणार हे समजून जा. एनटीएससी हे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचं १९५३ चं माप आहे, आज कॉम्प्युटरवर आणि इंटरनेटवर जे एसआरजीबी चालतं त्याच्या हिशोबात ते ४५ म्हणजे साधारण ६० ते ६५ टक्के. सगळ्यात आधी लाल रंग मार खातो, जास्वंदीचं फूल विटकरी दिसतं, ऑनलाइन बघितलेली साडी घरी आल्यावर वेगळीच निघते. ज्याला डिझाइन करायचंय, फोटो एडिट करायचेत, आर्किटेक्चरला जायचंय, त्याने शंभर टक्के एसआरजीबीच घ्यावी. नुसतं वाचायचं असेल तर रंग फिके असले तरी चालेल, पण गंमत अशी की कंपन्या चांगली ब्राइटनेस आणि चांगले रंग बहुतेक वेळा एकाच महागड्या स्क्रीनमध्ये देतात, त्यामुळे एक घेताना दुसरं आपोआप मिळतं.

ओएलईडी, म्हणजे जिच्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो ती स्क्रीन, तिच्याबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. दुकानात ती इतकी सुंदर दिसते की माणूस तिथेच पाघळतो, काळा रंग खरोखर काळा, रंग जिवंत. सिनेमे बघायला ती उत्तमच आहे. पण दिवसभर पांढऱ्या पानावर काळा मजकूर वाचणाऱ्याला मी ती सुचवत नाही. एक तर पांढरं पान दाखवताना ती जास्त बॅटरी घेते. दुसरं, बऱ्याच ओएलईडी ब्राइटनेस कमी केला की उजेड भराभर चालू-बंद करून तो कमी केल्याचा भास निर्माण करतात, आणि काही लोकांचं त्याने डोकं दुखतं. सगळ्यांचं नाही, पण ज्याचं दुखतं त्याचं रोज दुखतं. आणि तिसरं, विंडोजची अक्षरं दाखवायची जी पद्धत आहे ती साध्या एलसीडीतल्या लाल-हिरव्या-निळ्या उभ्या पट्ट्या धरून बनवलीये, बऱ्याच ओएलईडीमध्ये ते ठिपके वेगळ्या रचनेत असतात म्हणून बारीक अक्षरांच्या कडेला हलकी रंगीत झाक येते. त्यामुळे वाचणाऱ्यांसाठी माझी पसंती चांगल्या आयपीएसलाच (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारी एलसीडी).

आता पैशाचं. “पाच वर्षं वापरणार, म्हणजे दिवसाला चार-पाच रुपयेच पडतात” हा हिशोब मला अजिबात आवडत नाही, कारण आठ हजार एकदम द्यावे लागतात, दिवसाला चार रुपये घ्यायला दुकानदार घरी येत नाही, आणि ज्या घरात फी, कॉट, मेस असं सगळं एकाच महिन्यात भरायचंय तिथे आठ हजार म्हणजे आठ हजारच. म्हणून मी आधी क्रम सांगते. ८ जीबी रॅम असेल तर पहिले पैसे १६ जीबी करायला, कारण आता बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एसएसडी (फाइली साठवायची ड्राइव्ह) ५१२ जीबीची असावी, पण ती बहुतेक लॅपटॉपला नंतरही बदलता येते, त्यामुळे तिथे अडून बसू नका. मग स्क्रीन. आणि प्रोसेसर सगळ्यात शेवटी, कारण पीडीएफ वाचताना, वर्डमध्ये लिहिताना, ऑनलाइन लेक्चर बघताना इंटेलचा मधला आय फाइव्ह प्रोसेसरसुद्धा बराच वेळ रिकामाच बसलेला असतो, आय सेव्हन घेऊन तो अजून रिकामा बसेल. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणारे यांचं गणित वेगळं, त्यांना हा क्रम लागू नाही.

अजून एक रस्ता आहे जो दुकानदार सांगत नाही. लॅपटॉप घरी एकाच टेबलावर राहणार असेल तर साध्या स्क्रीनचाच घ्या आणि दहा हजारांच्या आसपास २४ इंची फुल एचडी आयपीएस मॉनिटर वेगळा घ्या. त्याचे पिक्सेल विरळ असतात, इंचाला ९२ च, पण तो लांब ठेवता येतो, डोळ्यांच्या रेषेत येतो आणि मान सरळ राहते. माझ्या ओळखीच्या दोन-तीन अकाउंटंट बायकांना मी हेच सांगितलं आणि त्या खूश आहेत. पण कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीला हा रस्ता नाही, तिच्याकडे स्वतःचं टेबलच नसतं, तिची स्क्रीन म्हणजे लॅपटॉपला आहे तीच.

दुकानात गेलात की तिथे जो डेमो व्हिडिओ चालू असतो, पोपट, फुलं, धबधबे, तो आधी बंद करायला सांगा. तो कुठल्याही स्क्रीनवर छानच दिसतो. पेनड्राइव्हवर स्वतःची एक मराठी पीडीएफ न्या, बारीक अक्षरांची, शक्यतो स्कॅन केलेली, आणि दोन्ही लॅपटॉपवर तेच पान शेजारी शेजारी उघडून पाच मिनिटं खरंच वाचा. मग ब्राइटनेस पूर्ण वाढवून लॅपटॉप दुकानाच्या दारापाशी उजेडात न्यायची परवानगी मागा. बाजूने, वरून बघा, रंग उलटे झाल्यासारखे दिसले तर ते जुन्या पद्धतीचं टीएन पॅनेल (स्क्रीनचा मूळ भाग) आहे, सोडून द्या. मग ब्राइटनेस अगदी कमी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशनला स्क्रीन बघा, जाड काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर ती उजेड चालू-बंद करणारी आहे. हे सगळं करताना दुकानातला मुलगा वैतागतो, वैतागू दे, पैसे आपले आहेत.

एक सावधगिरी आवर्जून सांगते. एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळ्या लॉटला वेगवेगळी पॅनेल लावते, त्यामुळे डेमोला ठेवलेला आणि खोक्यातला सारखाच असेल असं नाही. खोकं दुकानातच उघडून घ्या, डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटर्सखाली हार्डवेअर आयडी बघा, तिथे बीओई, एयूओ असा पॅनेल बनवणाऱ्याचा कोड आणि नंबर असतो, तो नेटवर टाकला की निट्स आणि रंग बऱ्याचदा कळतात. “नंतर तपकीर गल्लीत जाऊन चांगलं पॅनेल टाकून घेऊ” (तपकीर गल्ली म्हणजे पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) असं बरेच जण म्हणतात, ते काही लॅपटॉपना जमतं, पण केबलच्या पिना जुळाव्या लागतात, ३० पिनांच्या केबलवर ४० पिनांचं पॅनेल बसत नाही, आणि वॉरंटीचा प्रश्न येतो तो वेगळाच. जुन्या लॅपटॉपला तो उपाय ठीक, नवा घेताना त्याच्या भरवशावर राहू नका.

भाचीने शेवटी तिच्या पीडीएफवर दोन्ही स्क्रीन स्वतः वाचून बघितल्या, बाबांनाही सोबत नेलं होतं, चष्मा काढून त्यांनीही वाचलं आणि त्यांनीच आठ हजार जास्तीचे द्यायचं ठरवलं. आता लॅपटॉप घरी आलाय आणि मी तिला पहिल्याच दिवशी पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, लाल, हिरवं आणि निळं अशी पानं फुल स्क्रीनवर लावून एखादा मेलेला ठिपका दिसतोय का, काळ्या पानावर कोपऱ्यातून उजेड झिरपतोय का हे बघायला लावलंय, बदलून मिळायची मुदत संपायच्या आत, आणि तोपर्यंत खोकं आणि बिल टाकायचं नाही.