मांजराचं पाणी तोडू नका: ‘किडनी ४० दिवसांत बरी’ या मेसेजला उत्तर

ठाणे-नवी मुंबईतल्या मांजरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘मांजराची किडनी फेल? घाबरू नका, ४० दिवसांत घरच्या घरी बरी करा.’ आतला मजकूर थोडक्यात असा: मांजर जास्त मुततंय म्हणजे किडनीवर ताण आहे, तेव्हा पाणी मोजून द्या आणि रात्री वाटी उचलून ठेवा. मांस-मासे बंद, फक्त दहीभात आणि दूध. गोखरू-पुनर्नव्याचा काढा दोन वेळा. क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा) खाली आलं की मांजर बरं झालं, सगळं बंद करा. कातडीखाली सलाइन देणारे डॉक्टर लुटतात, त्याने फुफ्फुसात पाणी भरतं. अंग गरम लागलं तर क्रोसिनची पाव गोळी. शेवटी जोडलेले हात आणि ‘मुक्या जीवासाठी पुढे पाठवा’.

हा मेसेज नेरुळला राहणाऱ्या माझ्या मावशीकडे पोचला आणि तिने तो जसाच्या तसा पाळला. तिची चिंगी तेरा वर्षांची आहे, किडनीचा आजार मागच्या वर्षी कळला. माझ्याकडेही किडनीचंच मांजर आहे, त्यामुळे यातलं काय घरी करता येतं आणि काय नाही हे मी रोज बघते. घरी करण्यासारखं खरंच खूप आहे. पण या मेसेजात आहे ते नाही.

सगळ्यात आधी पाणी, कारण नुसत्या या एका सल्ल्याने मांजर जीवानिशी जाऊ शकतं.

मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. थोडक्या पाण्यात भागवायचं आणि लघवी घट्ट करून टाकायची, ही ताकद त्यांच्या किडनीत मुळातच आहे. निरोगी मांजराच्या लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती किती घट्ट आहे त्याचं माप, सहसा १.०३५ च्या वर असतं. किडनीचा जुनाट आजार लागला की आधी जाते ती हीच ताकद. लघवी पातळ होते, भरपूर होते, लिटरमध्ये, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधल्या मातीत, मोठे मोठे गोळे सापडायला लागतात, आणि गेलेलं पाणी भरून काढायला मांजर सारखं वाटीपाशी जातं. ते पितंय म्हणून मुतत नाही, मुततंय म्हणून पितंय. वाटी उचलल्याने लघवी कमी होत नाही. किडनी पाणी सोडतच राहते आणि अंग सुकत जातं. सुकलेल्या अंगात किडनीला रक्त कमी मिळतं, आणि जे नेफ्रॉन (किडनीतल्या बारीक गाळण्या) अजून काम करतायत त्यांचीही वाट लागते. क्रिएटिनिन मर्यादेच्या वर दिसतं तोवर किडनीचं साधारण तीन-चतुर्थांश काम गेलेलं असतं. म्हणजे हा प्रयोग उरलेल्या पाव हिश्श्यावर चाललाय.

मावशीला मी विचारलं, हे तुला पटलं तरी कसं? ती म्हणाली, “अगं, तुझ्या काकांना डायलिसिस चालू होतं तेव्हा डॉक्टर पाणी मोजूनच द्यायला सांगायचे. मला वाटलं हेही तसंच असेल.” तिचा काही दोष नाही. ज्या घरात किडनीचा पेशंट होऊन गेला, तिथे हे कुणालाही पटेल. पण डायलिसिसवरच्या बहुतेक माणसांना लघवी फारशी होत नाही. प्यायलेलं पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, दम लागतो, म्हणून ते मोजून द्यावं लागतं. मांजराच्या आजारात बहुतेक सगळा काळ याच्या नेमकं उलट असतं. अगदी शेवटी लघवीच बंद झाली तर गोष्ट वेगळी, पण ती वेळ दवाखान्याची, घरी वाटी उचलण्याची नव्हे. माणसाचं पथ्य उचलून मांजराला चिकटवताना मेसेज लिहिणाऱ्याने एवढाही विचार केला नाही, याचा मला संताप येतो.

चिंगीचं काय झालं ते सांगते. रात्री पाणी मिळेना म्हणून ती बाथरूमच्या फरशीवर साचलेलं पाणी चाटायला लागली. बादलीच्या कडेवर पुढचे पंजे टेकवून आत डोकं घालायची. त्या फरशीवर रोज फिनाइल पडतं, आणि त्यातल्या फिनॉलचा विषारीपणा मोडून ते बाहेर टाकणं मांजराच्या यकृताला जमत नाही, त्यामुळे ते त्यांना विषच. लिटरमध्ये शी म्हणजे सुटे, कोरडे खडे. हिरडीला बोट लावलं तर ते चिकटत होतं. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच खाली बसेना. म्हाताऱ्या, हडकलेल्या मांजरात एकट्या कातडीवर भरवसा ठेवू नये, पण हिरड्याही चिकट असतील तर शंका घ्यायला जागा नाही.

तेव्हा वाट्या उचलायच्या नाहीत, वाढवायच्या. पसरट, काचेच्या किंवा स्टीलच्या, घरात चार ठिकाणी, लिटरपासून लांब. पाणी रोज बदलायचं. ठाण्यात पाण्याचा शटडाऊन असला की आम्ही बादल्या भरायच्या आधी मांजराच्या वाट्या भरतो. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम १० टक्के असतं, ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के, त्यामुळे ओलं खाणं दिलं तर निम्मी लढाई तिथेच झाली. त्यातही दोन चमचे कोमट पाणी कालवायचं. चिकन उकडलेलं पाणी चालतं, पण त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि किडनीच्या मांजराला आधीच रक्त कमी असतं.

आता दहीभात. इथे अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. किडनीच्या मांजराला नेहमीसारखं मांसमच्छी देत राहणं बरोबर नाही. सुकट, बोंबील, माशाची डोकी, हाडं यांत फॉस्फरस भरपूर, आणि फॉस्फरस साठला की आजार झपाट्याने पुढे जातो. पण म्हणून दहीभात? दूध-दह्यातही फॉस्फरस आहेच. शिवाय मांजर मांसाहारीच आहे. त्याला टॉरिन हे मांसातलं पोषक द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं, आणि ते भातात नाही. टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय मोठं होऊन कमजोर पडतं हे १९८७ सालीच सिद्ध झालं. किडनीच्या जोडीला हृदय कशाला बिघडवायचं?

रीनल डाएट म्हणून जे खाणं मिळतं त्यात प्रथिनं बेताची पण चांगल्या प्रतीची, फॉस्फरस कमी, ओमेगा-३ जास्त आणि टॉरिन घातलेलं असतं. ते महाग आहे, माझ्याही खिशाला जाणवतं. पण त्याच्या मागे पुरावा आहे. २००६ साली अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. किडनीच्या ४५ मांजरांचे दोन गट, एकाला रीनल डाएट, दुसऱ्याला साधं खाणं, दोन वर्षांपर्यंत लक्ष. साध्या खाण्यावरच्या सुमारे पाव मांजरांना युरेमियाचे, म्हणजे रक्तात कचरा साठून आजारी पडण्याचे, झटके आले. रीनल डाएटवरच्या एकालाही आला नाही, आणि त्या गटात किडनीमुळे एकही मांजर गेलं नाही. या आजारात एवढा स्वच्छ पुरावा असलेले उपाय फार थोडे आहेत, आणि मेसेज नेमका तोच काढून दहीभात ठेवतो.

मांजर रीनल डाएटला तोंड लावत नसेल तर उपाशी ठेवून सवय लावायची नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते दुसरंच संकट. जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत काही आठवडे घ्या. तरीही नाहीच खाल्लं तर जे खातंय ते द्या आणि फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध त्यात मिसळण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मळमळीवर मॅरोपिटंट आहे, भुकेसाठी मिर्टाझापीन आहे. वाटी हुंगून, ओठ चाटत मागे फिरणारं मांजर नखरे करत नसतं, त्याला मळमळत असतं.

काढ्याबद्दल फार बोलत नाही. गोखरू आणि पुनर्नवा आपल्याकडे लघवी वाढवायला देतात. ज्या मांजराचं सगळं दुखणंच लघवीतून पाणी जाण्याचं आहे, त्याला लघवी वाढवणारं औषध, आणि वर पाणी बंद! शिवाय कडू काढा तोंडात ओतला की मांजर फेस काढतं आणि पुढच्या जेवणाकडेही फिरकत नाही.

‘क्रिएटिनिन ६ वरून २ वर आलं’ असं लोक शपथेवर सांगतात, आणि आकडा खाली आलाही असेल. मांजर सुकलेलं असताना क्रिएटिनिन वर जातं, पाणी मिळालं की उतरतं. जुन्या आजारावर अचानक दुसरा घाव बसला असेल, तर तेवढा भाग भरूनही येतो. आणि तिसरं कारण वाईट आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे मांजराचं मांस झडलं की आकडा आपोआप घटतो. दहीभातावर हाडं वर आलेल्या मांजराचा रिपोर्ट सुधारलेला दिसू शकतो! स्नायूंवर फारशी न अवलंबणारी एसडीएमए ही किडनीची रक्ततपासणी आहे, ती करून घ्या. गेलेले नेफ्रॉन परत येत नाहीत, तेव्हा आकडा उतरला म्हणून सगळं बंद करायचं हा सल्ला सरळ चुकीचा. आयरिस या आंतरराष्ट्रीय गटाने क्रिएटिनिनवर चार पायऱ्या पाडल्या आहेत: १.६ च्या खाली पहिली, २.८ पर्यंत दुसरी, ५ पर्यंत तिसरी, त्यापुढे चौथी. त्याबरोबर लघवीतलं प्रथिन आणि रक्तदाबही बघायचा. रक्तदाब १६० च्या वर राहिला तर मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं, आणि तो अ‍ॅम्लोडिपीनच्या छोट्याशा तुकड्याने आटोक्यात येतो. घरी करायचं ते म्हणजे दर आठवड्याला वजन. ४ किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम घटलं की अंगाचा विसावा हिस्सा गेला, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

सलाइनने फुफ्फुसात पाणी भरतं, हेही अर्धं खरं. हृदयाचा आजार असलेल्या मांजराला दिलं, किंवा अंदाजाने जास्त दिलं, तर भरतं. म्हणून आधी हृदय तपासून घ्यायचं आणि झोपेतले श्वास मोजायचे. मिनिटाला ३० च्या वर जायला लागले तर सलाइन थांबवून डॉक्टरांना फोन. पहिल्या पायरीवरच्या मांजरांना ते सहसा लागतही नाही. पण ज्यांना लागतं त्यांचे दिवस त्यावर सुधारतात, आणि ते शिकवून देणारा डॉक्टर लुटत नसतो, उलट रोजच्या दवाखान्याच्या फेऱ्या वाचवत असतो. केमिस्टकडून आरएलची (रिंगर लॅक्टेट सलाइनची) बाटली, आयव्ही सेट आणि २० किंवा १८ गेजच्या सुया आणायच्या. डेक्स्ट्रोजवाली बाटली कातडीखाली द्यायची नाही, केमिस्टने “सलाइनच आहे” म्हणून पुढे केली तरी. बाटली कोमट पाण्यात ठेवून मनगटावर तपासायची आणि खिडकीच्या ग्रिलला उंच टांगायची. खांद्यांच्या मधली सैल कातडी उचलली की खाली पोकळी होते, सुई तिच्यात जाते. पाणी उतरायला लागलं की तिथे फुगवटा येतो आणि पुढच्या काही तासांत एका पायाकडे ओघळत जिरतो. पहिल्यांदा बघणारा दचकतो, पण ते तसंच व्हायचं असतं. सर्वसाधारण मांजराला एका वेळी ७५ ते १५० मिली हा पल्ला सांगतात. तुमच्या मांजराचा आकडा मात्र डॉक्टरच ठरवतील, मी नाही आणि तो मेसेज तर मुळीच नाही. चिंगीचं आता असंच चालू आहे. मावशी बाटली धरते आणि समोरची वहिनी सुई लावते.

आणि क्रोसिन, म्हणजेच पॅरासिटामॉल. ती कुठल्याही नावाची, कुठल्याही मापात, मांजराला द्यायची नाही. ते पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव म्हणजे १२५ मिलिग्रॅम, ४ किलोच्या मांजराला किलोमागे ३० च्या वर. मांजरात किलोमागे १० मिलिग्रॅमलाही विषबाधा झालेली आहे. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. हातात तास असतात, दिवस नाहीत. घरात उरलेलं माणसांचं दुसरं कुठलंही वेदनाशामकही तसंच, किडनीच्या मांजराला तर नकोच.

मेसेज वाचून कुणी पाव गोळी आधीच दिली असेल तर लक्षणं दिसायची वाट बघू नका आणि घरी ओकवायच्या भानगडीत पडू नका. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा यावरचा उतारा आहे, तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. गोळीची पट्टी बरोबर घ्या, किती वाजता आणि किती दिली ते कागदावर लिहा, आणि घरातून निघतानाच दवाखान्याला फोन करून ‘मांजराने पॅरासिटामॉल खाल्लंय’ एवढं सांगा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत त्यांना औषधाची सोय करता येईल.