दाढा आत्ता आठवल्या?

आज बाबांच्या तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला ३५ दिवस झाले. आणि आज, आज(!), रेडिएशनच्या डॉक्टरांनी बाबांच्या तोंडात टॉर्च मारून विचारलं, "दातांच्या डॉक्टरांना दाखवलंत का?"

नाही दाखवलं. कोणी सांगितलंच नाही तर कसं दाखवणार?

आता म्हणे मागच्या दोन किडक्या दाढा काढायच्या आणि जखम भरेपर्यंत १० ते १४ दिवस थांबायचं. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, मग दाढ काढली तर हाड भरून येत नाही, सडतं. पटलं. एकदम पटलं. पण अहो, ३५ दिवसांपूर्वी हाच माणूस याच तोंडाच्या ऑपरेशनसाठी टेबलावर कित्येक तास भूल घेऊन पडला होता ना? तेव्हा दाढा दिसल्या नाहीत कोणाला? त्याच भुलीत निघाल्या असत्या की!

रेडिएशन ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, हे मी वाचून शोधलं. मागे राहिलेल्या पेशी आपल्या अपॉइंटमेंटसाठी थांबत नाहीत, वाढत राहतात. शिवाय ऑपरेशनपासून रेडिएशनच्या शेवटच्या सिटिंगपर्यंत सगळं साधारण ११ आठवड्यांत उरकावं असं म्हणतात. ३० सिटिंग, आठवड्याला ५, म्हणजे ६ आठवडे त्यातच गेले. उरले किती? ५! ते आज संपले. अजून दाढा काढायच्यात, मग रेडिएशन घेताना डोकं हलू नये म्हणूनचा मास्क, सीटी स्कॅन, प्लॅनिंग, त्याचे दिवस वेगळेच.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या बायोप्सीच्या रिपोर्टला वेळ लागला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हाडाचा तुकडा मऊ केल्याशिवाय कापता येत नाही, मान्य. पण रिपोर्टमध्ये मानेतल्या गाठीचं आवरण फोडून आजार बाहेर आल्याचं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे रेडिएशनबरोबर केमोही लागणार. असा कागद हातात आल्यावर "टाके सुकू देत, दोन आठवड्यांनी या"? टाके सुकेपर्यंत दातांचं, मास्कचं बघायला काय हरकत होती? सर्जन म्हणतात ते रेडिएशनवाले बघतील, रेडिएशनवाले म्हणतात आमच्याकडे फाईलच आज आली. मधले दिवस मोजायचे कोणी? मी?

दातांच्या विभागात सोमवारचा नंबर मिळालाय. ३९वा दिवस.

बाबांना अजून नीट बोलता येत नाही. घरी आल्यावर वहीत लिहून विचारलं, "आता कशासाठी थांबलोय?"