स्टाफ कमी केला की पैसे वाचतात, हा हिशोबच चुकलाय

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की सरकारी हॉस्पिटलांच्या बजेटचा मोठा भाग पगारातच संपतो, त्यामुळे पैसे कमी पडत असतील तर आधी माणसं कमी करा, नर्सेस रात्री तशाही बसूनच असतात, डॉक्टर तेवढे ठेवा, अडलंच तर कंत्राटावर माणसं घ्या, पेशंटला काही फरक पडत नाही. ऐकायला पटतं म्हणून लोक पुढे ढकलतायत, पण असल्या हिशोबावर निर्णय झाले तर माणसं जिवानिशी जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पगारावर मोठा खर्च होतो हे खरंय. होणारच की. व्हेंटिलेटर विकत आणला तरी त्याच्याशेजारी चोवीस तास ट्रेनिंग घेतलेलं माणूस लागतंच, आणि जिथे कामच माणसांचं आहे तिथे मुख्य खर्च पगाराचा असतो, त्यावरून उधळपट्टी सिद्ध होत नाही. ती शोधायचीच असेल तर औषधखरेदी बघा, दुरुस्तीअभावी बंद पडलेली मशिनं बघा, तिथे माझा पूर्ण पाठिंबा आहे.

'नर्सेस बसूनच असतात' याचा मात्र खरंच राग येतो. रात्री दोन वाजता, ऑपरेशन झालेल्या एखाद्या पेशंटचा श्वास मिनिटाला १६ वरून २४ वर गेलाय, बीपी अजून ठीक आहे, पेशंट स्वतः काही बोलत नाहीये, तर हे कळणार कोणाला? जी सिस्टर बेडपाशी उभी राहून मिनिटभर श्वास मोजते तिलाच. तिनं लगेच डॉक्टरला बोलावलं तर सेप्सिस (म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयव बिघडायला लागणं) वेळेत सापडतो, पण तिच्याकडे सहाच्या जागी बारा पेशंट असले तर ती तिथे पोचेपर्यंत बीपी पडलेलं असतं, लघवी कमी झालेली असते आणि केस आयसीयूची झालेली असते. मधल्या वेळात तिनं सलाईन बदललेलं असतं, अँटिबायोटिक दिलेलं असतं, ज्यांना हलता येत नाही त्यांची कूस बदललेली असते (नाहीतर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, ठरलेला), आणि हे सगळं चार्टवर लिहायचंही असतं. दारातून डोकावणाऱ्याला ती फक्त टेबलाशी लिहिताना दिसते.

बरं, फरक पडतो की नाही हे मोजलेलंही आहे. २००२ साली नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांच्या टीमनं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास केला, त्यात प्रत्येक नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशननंतर ३० दिवसांत मृत्यूची शक्यता आधी होती त्यापेक्षा साधारण ७ टक्क्यांनी जास्त दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांत बघितलं, तिथेही ७ टक्केच आले. इंग्लंडच्या स्टॅफर्ड हॉस्पिटलात तर २००६-०७ ला १ कोटी पौंड वाचवायचे म्हणून पदं कमी केली होती, पुढे चौकशीत बाहेर आलं की इमर्जन्सीत आलेल्या पेशंटची पहिली तपासणी मेडिकल ट्रेनिंग नसलेले रिसेप्शनिस्ट करत होते, वॉर्डात लोकांना पाणी मिळत नव्हतं. ती चौकशी करणाऱ्या रॉबर्ट फ्रान्सिस यांचा २०१३ चा अहवाल वाचा, कपातीचा हिशोब शेवटी कोणी भरला ते कळेल.

फक्त डॉक्टर ठेवा म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, सर्जन आहे, ऑपरेशन थिएटर आहे, पण स्क्रब नर्स (ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हातात हत्यारं देणारी) नाही, तर त्या दिवशीचं ऑपरेशन कॅन्सल होतं आणि सर्जनचा पगार चालूच राहतो.

कंत्राटाचं म्हणाल तर ते स्वस्त नाहीच. इंग्लंडमध्ये एनएचएसनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं, २०२२-२३ मध्ये एजन्सीच्या (तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांच्या) स्टाफवर ३ अब्ज पौंडांपेक्षा जास्त घातले, कारण कायमच्या जागा रिकाम्या पण वॉर्ड तर चालवायचाय, मग एजन्सी मागेल ते द्यावं लागतं. शिवाय रोज नवीन येणाऱ्याला औषधाची ट्रॉली कुठे आहे इथपासून विचारावं लागतं, त्यात उरलेल्या जुन्या सिस्टरचा वेळ जातो, ती थकते, ती पण नोकरी सोडते, आणि अजून एक जागा एजन्सीकडे जाते.

कोणी म्हणेल, जास्त स्टाफ ठेवायला पैसे आणायचे कुठून? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडनं २०१६ पासून काही हॉस्पिटलांत दिवसा ४ पेशंटमागे १ आणि रात्री ७ मागे १ नर्स असा नियम केला. आधीचं आणि नंतरचं, नियम असलेल्या आणि नसलेल्या हॉस्पिटलांचं, असं सगळं ताडून बघितलं, २०२१ मध्ये निकाल छापून आला. जादा स्टाफला साधारण ३.३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागले, आणि पेशंट लवकर घरी गेले, परत ॲडमिट व्हायचं प्रमाण कमी झालं, त्यातून वाचले अंदाजे ६.९ कोटी, म्हणजे दुपटीहून जास्त.

त्यामुळे यापुढे कोणी कपातीचा प्रस्ताव मांडला तर त्याच्याकडून नुसता पगाराचा आकडा घेऊ नका. एजन्सीचं बिल किती वाढेल, किती पेशंट परत ॲडमिट होतील, बेड किती दिवस जास्त अडकेल आणि सोडून जाणाऱ्या नर्सच्या जागी नवीन तयार करायला काय लागेल, हे चारही आकडे त्याच कागदावर मागा.