लाल म्हणजे प्लस

भट्टीवरच्या थर्मोकपलपासून, म्हणजे दोन वेगवेगळ्या मिश्रधातूंच्या तारांच्या तापमापकापासून, पॅनेलपर्यंत केबल ओढायची होती. परंतु तिचा भाव ऐकून मालकांनी माझ्याकडे असे काही पाहिले, की मी आपणहून स्टोअरमधली उरलेली तांब्याची वायर काढून आणली. वीज काय, कोणत्याही तारेतून जाते, असा माझा युक्तिवाद होता. वीज गेली, तापमान वाटेतच राहिले.

थर्मोकपल मुळात आपल्या दोन टोकांच्या तापमानांतला फरक सांगते आणि कंट्रोलर त्यात पॅनेलचे तापमान मिळवून आकडा दाखवतो. क्रोमेल-अ‍ॅल्युमेलची जोडी (म्हणजे त्या दोन मिश्रधातूंच्या तारा) हेडपाशीच, म्हणजे भट्टीबाहेरच्या जोडणीच्या डबीतच, थांबवून पुढे तांबे लावले, की दुसरे टोक पॅनेलमध्ये न येता भट्टीच्या अंगालाच चिकटून बसते. आमचे हेड ८० अंशांवर, पॅनेल ३२ वर, आणि मधले ४८ अंश हिशेबातून गायब. म्हणजे कंट्रोलर ८५० दाखवी तेव्हा आत जवळजवळ ९०० असत. सकाळी भट्टी थंड असताना मात्र हेड आणि पॅनेल एकाच तापमानाला असल्याने आकडा बिनचूक येई. त्यामुळे सकाळी तपासायला येणारे शाबासकी देऊन जात आणि दुपारी गिअर वाकडे निघत.

शेवटी निमूटपणे त्याच मिश्रधातूंच्या तारांची योग्य केबल आणली. आत एक पिवळी तार, एक लाल.

"साहेब, लाल प्लसलाच ना?" वायरमनकाकांनी विचारले.

"हे काय विचारणं झालं, काका?" मी म्हणालो.

ते विचारायलाच हवे होते. अमेरिकी रंगसंकेतात थर्मोकपलची लाल तार ऋण असते, जुन्या जपानी संकेतात तीच धन, आणि आंतरराष्ट्रीय संकेतात तर हिरवी धन व पांढरी ऋण. आमची केबल अमेरिकी वळणाची होती. एकाच टोकाला उलटी जोडली असती तर भट्टी तापताना आकडा उतरला असता आणि चोरी तिथेच पकडली गेली असती. आम्ही दोन्ही टोकांना तितक्याच निष्ठेने उलटी जोडल्याने आकडा शहाण्यासारखा चढत राहिला, पण केबलचे ४८ अंश मिळण्याऐवजी वजा झाले आणि चूक दुप्पट झाली. ९६ अंश! आगीतून फुफाट्यात हा वाक्प्रचार मी त्या दिवशी अंशांमध्ये मोजला.

अखेर अ‍ॅल्युमेल (म्हणजे ऋण तार) चुंबकाला चिकटते हे आठवले, आणि मी घरच्या फ्रिजवरचा चुंबकाचा विठोबा खिशात घालून आणला. सोललेल्या तारांजवळ धरताच लाल तार टुणकन त्याच्या पायाशी गेली. काकांनी हात जोडले, ते विठोबाला की मला उपरोधाने, हे मी विचारले नाही.

विठोबा आता पॅनेलच्या दारावर असतो. घरी मी त्याबद्दल अजून काही बोललेलो नाही.