इलिनॉय चोरले म्हणून केनेडी जिंकले? आधी वजाबाकी करून बघा

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निवडणुका जवळ आल्या की एक मजकूर हमखास फिरून येतो. या वेळी तो तिघांनी टाकला. थोडक्यात असा: १९६० साली अमेरिकेत खरे तर निक्सन जिंकले होते. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी मेलेल्या माणसांच्या नावावर मते टाकून अख्खे इलिनॉय राज्य चोरले आणि केनेडींना अध्यक्ष केले. फेरमोजणी कुणी होऊच दिली नाही. निक्सन मोठ्या मनाचे, देशासाठी गप्प बसले. माफियानेही केनेडींचे काम केले. आणि खाली ठळक अक्षरांत: "तिथे ही गत, तर आपल्याकडे काय? मत देऊन काही उपयोग नाही."

त्या शेवटच्या ओळीसाठी मी हे लिहिते आहे. मतपत्रिकांच्या काळात मी मोजणीच्या ड्यूटीवर रात्री जागवल्या आहेत. सहज टाकलेली ती ओळ मला लागते.

आता "इलिनॉयमुळे केनेडी अध्यक्ष झाले" हे बघू. केनेडी आणि डेली डेमोक्रॅटिक पक्षाचे, निक्सन रिपब्लिकन. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर; राज्यात जो पुढे, त्याला बहुधा त्या राज्याची सगळी मते. त्या वर्षी इलेक्टोरल मते होती ५३७ आणि जिंकायला हवी होती २६९. केनेडींना ३०३ मिळाली, निक्सनना २१९, आणि उरलेली १५ दक्षिणेतले सिनेटर हॅरी बर्ड यांच्याकडे गेली. इलिनॉयची मते २७. ती सगळी केनेडींकडून काढून निक्सनना द्या. केनेडी २७६, निक्सन २४६. अध्यक्ष तरीही केनेडीच. निकाल फिरवायचा तर इलिनॉयच्या जोडीला टेक्सासची २४ मतेही फिरवावी लागतात आणि टेक्सासमधला फरक होता सुमारे ४६ हजारांचा. तिथेही रिपब्लिकन कोर्टात गेले होते, पण त्यांचा दावा टिकला नाही. एवढी वजाबाकी पाचवीतले मूल करील. ती न करता मजकूर पुढे ढकलला जातो.

"निक्सननी नव्वदहून जास्त काउंट्या जिंकल्या, मग राज्य हरले कसे?" हा याच मजकुराचा एक उपमुद्दा. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग; इलिनॉयमध्ये त्या १०२. त्यांतल्या बहुतेक निक्सनकडे गेल्या, हे खरेच आहे. पण मत माणसे देतात, जमीन देत नाही. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तिथे राज्यातली अर्धीअधिक मते होती. आपल्याकडे क्षेत्रफळाने गडचिरोली मुंबईपेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणून तिथे मतदारही जास्त आहेत असे कुणी म्हणेल का? राज्यभरात सुमारे साडेसत्तेचाळीस लाख मते पडली आणि केनेडी ८,८५८ मतांनी पुढे राहिले. फरक बारीक होता, आणि म्हणूनच संशयाला जागा मिळाली.

मेलेल्यांच्या मतांची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही, आणि तिला थापा म्हणून उडवून लावणाऱ्यांशीही माझे जमणार नाही. न्यू यॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनचा वार्ताहर अर्ल मेझो शिकागोत गेला. मतदार म्हणून नोंदलेली नावे त्याला थडग्यांवर सापडली. रिकाम्या पडलेल्या एका घराच्या पत्त्यावर ५६ मते पडली होती, असे त्याने सांगितले. राज्याच्या दक्षिणेकडच्या रिपब्लिकन भागातही त्याला गैरप्रकार आढळले, पण शिकागोइतके नाहीत. पुढे विशेष सरकारी वकील मॉरिस वेक्सलर यांनी ६७७ जणांवर आरोप ठेवले. ज्या न्यायाधीशांपुढे प्रकरण गेले ते डेलींच्या वर्तुळातले, आणि सगळे सुटले. १९६२ मध्ये मात्र मतदान केंद्रावरच्या तिघांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना थोडे दिवस तुरुंगात जावे लागले. तेव्हा घोटाळा झाला का, या प्रश्नाचे उत्तर "हो" असेच आहे. पण घोटाळ्याने राज्याचा निकाल फिरला का, हा वेगळा प्रश्न आहे. मजकूर लिहिणाऱ्याने दोन्ही प्रश्नांची एकच मोळी बांधली आहे.

तो दुसरा प्रश्न सोडवायला फेरमोजणीकडे जावे लागते. "ती झालीच नाही" हे सपशेल खोटे आहे. कुक काउंटीत ८६३ केंद्रांवरच्या कागदी मतपत्रिका पुन्हा मोजल्या गेल्या. ९ डिसेंबर १९६० ला काम संपले. निक्सनची किती मते वाढली? ९४३. आणि त्या केंद्रांपैकी सुमारे ४० टक्के ठिकाणी उलटेच निघाले, पहिल्या मोजणीत निक्सनना जास्त मते धरली गेली होती.

हा ४० टक्क्यांचा आकडा वाचला तेव्हा मला आमचे मोजणीचे टेबल आठवले. एक मतपत्रिका अजून डोळ्यांसमोर आहे. एका चिन्हावर फुलीचा शिक्का ठसठशीत, आणि दुसऱ्या चिन्हावर त्याचीच फिकट, उलटी छाप. शाई ओली असताना घडी घातली की असे होते. एक प्रतिनिधी ओरडतोय, "दोन शिक्के आहेत, बाद करा." दुसरा म्हणतोय, "बाई, नीट बघा, ती घडीची छाप आहे." आम्ही पत्रिका पुन्हा तशीच दुमडली, छाप शिक्क्यावर तंतोतंत बसली, आणि मत वैध धरले. रात्री दोन वाजता, डोळे चुरचुरत असताना, अशी एखादी पत्रिका नुसती नजरेआड झाली तर गठ्ठ्यात एकाचे मत घटते. त्यात कुणाची लबाडी नसते. शिकागोच्या त्या केंद्रांवर नुसती लूटच असती तर सगळ्या चुका एकाच बाजूला पडल्या असत्या. तशा त्या पडल्या नाहीत.

कुणी म्हणेल, कागदी मतपत्रिकांचे ठीक, पण बाकीच्या ठिकाणी मतदान यंत्रे होती, तिथे पुन्हा मोजायला होतेच काय? हा आक्षेप रास्त आहे. यंत्र बेरीज दाखवते, बनावट मतदाराचे मत वेगळे काढून दाखवू शकत नाही. म्हणूनच इतिहासकार एडमंड कालिना यांनी नंतर बारकाईने केलेला अभ्यास महत्त्वाचा. त्यांनी घोटाळा नाकारला नाही. पण सिद्ध होईल अशी गडबड राज्यातला ८,८५८ चा फरक भरून काढत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याहून जवळचा दाखला राज्य निवडणूक मंडळाचा. त्यात रिपब्लिकनांचे बहुमत होते, चारास एक. रिपब्लिकनांची तक्रार या मंडळाने एकमताने फेटाळली. स्वतःच्याच पक्षाच्या माणसांना जे पटवता आले नाही ते साठ वर्षांनी फॉरवर्डने सिद्ध कसे होणार?

निक्सनच्या मोठ्या मनाबद्दल. त्यांनी स्वतः जाहीरपणे निकाल मानला आणि मेझोला लेखमाला थांबवायची विनंती केली, हे मेझोनेच सांगितले आहे. त्याचे श्रेय त्यांना द्यावे. पण त्यांचा पक्ष गप्प बसला नव्हता. निवडणुकीनंतर तीनच दिवसांनी पक्षाध्यक्ष थ्रस्टन मॉर्टन यांनी ११ राज्यांत आव्हान द्यायची मोहीम काढली. हवाईमध्ये तर फेरमोजणीने निकाल खरोखर उलटला, पण तो केनेडींच्या बाजूने, ११५ मतांनी. ६ जानेवारी १९६१ ला संसदेत इलेक्टोरल मते मोजताना अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष या नात्याने स्वतः निक्सनच होते, आणि हवाईची तीन मते त्यांनीच केनेडींकडे धरली.

माफियाचे फार नको. जॉन बाइंडर यांनी २००७ मध्ये शिकागोतल्या टोळ्यांचा जोर असलेल्या वॉर्डांचे आकडे तपासले. तिथे केनेडींना नेहमीपेक्षा वेगळे काही मतदान झालेले दिसले नाही.

मग मते इकडची तिकडे झाली ती कुणासाठी? त्याच मतपत्रिकेवर आणखी एक लढत होती, कुक काउंटीच्या सरकारी वकिलाची. तिथे ते पद निवडणुकीने भरले जाते. पदावर होते बेंजामिन अ‍ॅडमॉव्स्की, एकेकाळचे डेमोक्रॅट, १९५५ च्या महापौरपदाच्या उमेदवारीत डेलींविरुद्ध उभे राहिलेले, नंतर रिपब्लिकन झालेले. चोराशी हातमिळवणी करून घरफोड्या करणाऱ्या शिकागोच्या पोलिसांचे प्रकरण त्यांनी १९६० च्या सुरुवातीलाच उघड्यावर आणले होते. व्हाइट हाउसात कोण बसतो यापेक्षा हा माणूस त्या खुर्चीतून उठतो का, याची काळजी डेलींना जास्त असणार. अ‍ॅडमॉव्स्की सुमारे २५ हजारांनी हरले. ज्या फेरमोजणीत निक्सनची ९४३ मते वाढली, तिच्यातच अ‍ॅडमॉव्स्कींची ६,१८६ वाढली. १९६३ मध्ये ते थेट डेलींविरुद्ध महापौरपदाला उभे राहिले आणि पुन्हा हरले. आमच्या ग्रुपवरच्या मजकुरात त्यांचे नाव एकदाही येत नाही.