टँकरच्या रांगेतला हबक्कूक

श्रद्धा म्हणजे दुःखावर घातलेलं पांघरूण, असं एका लेखात वाचलं. मला नाही पटलं. २०१६ला, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं त्या उन्हाळ्यात, आम्ही लातुरात होतो. गावाकडची तूर गेली, बोअर आटला. आई घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढला : अंजीर फुललं नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मागून एक मावशी मोठ्यानं बोलल्या, "हे तर आपल्याच गावचं लिवलंय की!" सगळे हसले, मावशींचे डोळे मात्र भरलेले. संदेष्ट्यानं दुष्काळ झाकला कुठं? आधी सगळा पाढाच वाचला. पाऊस नंतर आला. आई मात्र मे महिन्यातच, रिकाम्या घागरी घासताना, पुन्हा गीतं गुणगुणायला लागली होती.