आधी प्रोब तपासा, मग टाकीत बफर ओता!

पीएच (पाणी किती आम्ल की अल्क, त्याचं माप) दाखवणाऱ्या मीटरच्या पडद्यावर ७.७ दिसलं की खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत 'पीएच अप', म्हणजे पीएच चढवणारा बफर ओतायचा, हे खूळ कधी थांबणार? आणि दुकानदार तरी काय! 'पीएच कमी? ही बाटली घ्या.' मीटरचा प्रोब (पाण्यात बुडवायचा संवेदक) शेवटचा कधी कॅलिब्रेट केला, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाशी जुळवून घेतला, हे एकजण विचारत नाही.

सुरुवातच खोक्यापासून. स्वस्त पेन मीटरसोबत कॅलिब्रेशनच्या बफरच्या (हा टाकीत ओतायचा नव्हे, ठरलेल्या पीएचचा) बऱ्याचदा ४.०० आणि ६.८६ एवढ्याच पुड्या देतात. अहो, प्रवाळाच्या टाकीचं पाणी ७.८ ते ८.४ मध्ये असतं! त्या बाजूचा एकही बिंदू नाही, मग आकडा कशाच्या भरवशावर मानायचा? ९.१८ ची पुडी वेगळी घ्यावीच लागते. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या, बहुधा २५० मिली, डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळवायची. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी चालत नाही. शिवाय ९.१८ हा २५ अंशांचा आकडा आहे, ३० अंशांना तोच बफर ९.१४ असतो. टाकीला लावलेला पीएच मॉनिटर कॅलिब्रेशनसाठी ७ आणि १० चे बफर मागत असेल, तर १० चं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली घसरतं. वाटीत थोडं घ्या, वापरा, फेकून द्या. परत बाटलीत ओतणाऱ्यांचा तर मला भयंकर राग येतो, पुढची सगळी कॅलिब्रेशनं नासतात!

प्रोब ही झिजणारी वस्तू आहे. साधारण वर्ष-दीड वर्षात तो थकतो, आणि हे वय दुकानात पडून असतानाही वाढतं. तरी खोक्यावर उत्पादनाची तारीख शोधून सापडत नाही. ही चक्क फसवणूक आहे! मिलिव्होल्ट दाखवणारं मीटर असेल तर ७ आणि १० च्या बफरमधला फरक बघा: २५ अंशांना तो १७७ च्या आसपास हवा, साफ करूनही १५० च्या खाली राहिला तर प्रोब बदला. काढलेला प्रोब आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवू नका, आतले क्षार झिरपून जातात. पोटॅशियम क्लोराइडचं ३ मोलर द्रावणच लागतं. काचेच्या गोळ्यावर चुन्याचा थर बसला तर पंधरा मिनिटं व्हिनेगरमध्ये ठेवा. ब्रशने घासू नका.

आकडा ७.०० वर खिळला? जोडणीत ओलावा किंवा मीठ शिरलंय का बघा, नाहीतर गोळ्याला तडा गेलाय. पंप चालू होताच आकडा उडी मारतो? टाकीचं पाणी पेल्यात घेऊन त्यात प्रोब बुडवा. तिथे स्थिर राहिला तर टाकीत वीज झिरपतेय. हीटर आणि पंप एकेक करून बंद करून तपासा, पण हात घालण्याआधी सगळे प्लग काढा.

हे सगळं नीट असूनही पीएच कमीच? मग खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीकडे बघा. टाकीचं पाणी बाल्कनीत नेऊन तासभर एअरस्टोनने हवा द्या, त्याच मीटरने पुन्हा मोजा. वाढला तर दोष खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडचा. स्किमरची (हवेच्या बुडबुड्यांनी घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढा. टाकीत बफर ओतून फक्त अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद, डीकेएचमध्ये मोजतात) चढते, ८ डीकेएचची १२ होते आणि हीटरवर चुना साचतो.

कहर म्हणजे असल्याच प्रोबच्या आकड्यावर काल्कवासरचा (पीएच चढवणाऱ्या चुन्याच्या पाण्याचा) डोसर, म्हणजे आपोआप मात्रा ओतणारा पंप, सोडतात! प्रोब खरा आकडा सोडून खाली दाखवायला लागला की डोसर ओततच राहतो. डोसर चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये रोजच्या मात्रेची कमाल मर्यादा घाला, आजच.